गार ठेवलेलं बाळ

हे कुणाच्या हाती लागलंच तर आधी एवढं ऐकावं. माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि ओळ सरळ सुरू केली तरी शेवटाला खाली घसरते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता, आणि पोरींना एकटं नदीपार कोण पाठवणार. तर चुका सांभाळून घ्याव्यात. मी काही कुणाला वाचायला देण्यासाठी लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. कागदापुढे होत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या नातवाला जन्मल्यावर तीन दिवस गार ठेवलं होतं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझे मालक मार्केटात माथाडी होते. पाठीनं दगा दिला तेव्हा काम सोडलं. कोपरखैरण्यात आमची खोली आहे, वर पोटमाळा. मी घरी चपात्या लाटून एका मेसला देते. मुलगी एकच. तिनं लग्न ठरवलं ते बोनकोड्यातल्या आगरी घरात. मुलगा चांगला, कंपनीत नोकरीला. घर चार मजली, खालचे तीन मजले भाड्यानं. आमच्या दारातून चालत गेलं तर भाजी शिजायच्या आत पोचता येईल एवढं तिचं सासर जवळ आहे.

पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही अंतर मोजून ठरत नाही. सातव्या महिन्यात तिला ओटी भरून आमच्याकडे आणली. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमची खोली केवढी, त्यान पोटमाला. बालंतीन शिडी चरनार काय?" त्यांच्या बोलीत पुष्कळदा ड-ढचा र होतो, ळचा ल. त्या बाजारात मासळी विकतात. गरज म्हणून नाही, सवय म्हणून. आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभ्या राहून भाव सांगतील आणि घरात बसलेल्याला कळेल. मला त्यांची भीती वाटायची. त्या बोलल्या की मी पदर नीट करत बसायची.

मालक म्हणाले, "पहिलं आमच्याकडंच हुईल. आमचं आम्ही बघू." त्या हसल्या आणि गेल्या. म्हणजे आता काही बरंवाईट झालं तर ते आमच्या दारात झालं, हे मला त्या दिवशीच समजलं.

कळा पहाटे सुरू झाल्या. जवळच्याच नर्सिंग होममध्ये नाव घातलेलं होतं. सगळी सकाळ गेली, दुपार गेली. मी बाहेर बाकावर होते. आतून पोरीचं ओरडणं येत होतं तोवर बरं होतं. मग ते थांबलं, आणि त्यानंतर जे यायला पाहिजे ते आलंच नाही.

बाळ रडलं नाही.

ज्यांनी ती शांतता ऐकली नाही त्यांना मी सांगू शकणार नाही. दाराच्या फटीतून नर्सच्या चपला इकडून तिकडे पळताना दिसत होत्या. कुणीतरी "अजून, अजून" म्हणत होतं. विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि एवढं दाबलं की बांगडी वाकडी झाली.

पुष्कळ वेळानं डॉक्टर बाहेर आले. मुलगा आहे म्हणाले, पण आनंदाचा सूर नव्हता. नाळ मानेभोवती आवळली होती, थोडा वेळ डोक्याला हवाच मिळाली नाही. श्वास सुरू केलाय, पण बाळ लुळं आहे. खारघरकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, तिथं बाळाला थंड करायचं मशीन आहे, आणि ते काही तासांच्या आत सुरू झालं तरच उपयोग. आता त्याला गुंडाळू नका, वरची उबेची बत्तीही आम्ही बंद केली आहे, असंही म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जन्मलेल्या पोराला गुंडाळू नका?

अनामत रक्कम ऐकून जावई भिंतीला टेकला. मालक खिशात हात घालून उभे होते, खिशात काय आहे ते मला माहीत होतं. विहीणबाईंनी तिथंच, जिन्यात, हाताला साबण लावून पाटल्या उतरवल्या. एक निघेना तर दातात पदर धरून ओढली. आपल्या ओळखीच्या सोनाराकडे स्वतः रिक्षानं गेल्या. मालक मागून म्हणाले, "हे आमच्या अंगावर. आम्ही फेडणार." त्या मागं न बघता म्हणाल्या, "फेर मग. आदी पोर ऱ्हाऊ दे."

पोरीला टाके पडलेले, तिला हलवता येत नव्हतं. तिच्याजवळ मालकांची बहीण थांबली. अँब्युलन्समध्ये जावई बसला, आणि मी आणि विहीणबाई मागून.

काचेच्या खोलीत एका वेळी एकच माणूस सोडायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा. आधी मी गेले. बाळ एका निळ्या गादीवर उघडं निजलेलं होतं. अंगावर लंगोटाशिवाय काही नाही. गादीतून गार पाणी फिरतं म्हणे. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, तोंडात नळी, छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. नर्स म्हणाली, "आजी, हात लावा, चालेल." मी पायाला बोट लावलं.

तो पाय गार होता. ओल्या कपड्यानं किंवा वाऱ्यानं गारठतो तसा नाही, आतून गार. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. त्यानंतर तसला स्पर्श मला कधी झाला नव्हता. मी बोट मागं घेतलं आणि मग लाज वाटली, म्हणून पुन्हा लावलं.

बाहेर मोठ्या डॉक्टरीण बाईंनी जावयाला समजावून सांगितलं. मी मागं उभी राहून ऐकत होते. वयानं माझ्या मुलीएवढ्याच, डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणाल्या, बाळाचा मेंदू या वयात वाढत असतो. एकेक पेशी दुसऱ्या पेशीशी जोडली जात असते, त्या कामाला फार शक्ती लागते. बाळ जे पितं, जो श्वास घेतं, त्यातला मोठा वाटा एकटं डोकंच घेऊन टाकतं. जन्मताना तेवढा वेळ हवा तुटली. काही पेशी तेव्हाच गेल्या. पण पुष्कळ अजून काठावर आहेत. त्या आज मरतील असं नाही, उद्या परवाही मरू शकतात. त्यांच्यात जी भट्टी असते ती बिघडली आहे. अंग गरम असलं की त्या जोरानं काम करायला बघतात, जास्त ऑक्सिजन मागतात, जास्त साखर मागतात, आणि मिळालेलं वापरता येत नाही म्हणून मरतात. गार ठेवलं की त्यांची मागणी उतरते. तेवढ्यात सावरल्या तर सावरल्या.

"तीन दिवस असं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "मग हळूहळू गरम करायचं. मी खात्री देत नाही."

मला सगळं कळलं असं नाही. पण काठावर आहेत हे शब्द माझ्या मनात बसले. माझ्या डोळ्यांपुढे विहिरीचा काठ आला आणि तिथून हलेना.

विहीणबाई त्या वेळी आत बाळाला बघायला गेल्या होत्या, त्यांनी यातलं काहीच ऐकलं नाही. बाहेर आल्या त्या थेट खुर्चीवर बसल्या. मासळी विकणारी बाई, पण चेहरा मला ओळखू येईना. मग म्हणाल्या, "ईनबाय, बर्फान काय ठेवतात ठाव हाय ना? मासली. तीपन मेलेली. जितं पोर बर्फान ठेवलेलं मी या जन्मान नाय बगितलं."

"डॉक्टरबाई म्हणाल्या..." एवढंच मी म्हटलं.

"त्यांना पोरं हायेत काय?"

त्यांच्या मनात जे होतं तेच माझ्या मनात होतं. बाळंतीण आणि बाळ म्हटलं की खाटेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, तेल, टोपडं, दुपट्यावर दुपटं. आमच्या मुलखात तसं, त्यांच्या खाडीवरही तसंच. इतर गोष्टींत आमचं जमत नव्हतं, मसाल्यापासून सगळं वेगळं, पण बाळाला ऊब पाहिजे यात दोघींचं एकमत होतं. आणि आमचा नातू उघडा निजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा मला ओव्याचा वास आला. मी काही विचारलं नाही. त्यांचा नंबर आला, त्या आत गेल्या. बाहेर आल्या तर चालीत फरक होता, काम उरकून आलेल्या माणसासारख्या. माझ्याजवळ बसून कानाशी म्हणाल्या, "ओव्याची पुरचुंडी केली. टपरीवाल्याच्या किटलीवर तापवली. पायाखाली सारलीय, लंगोटाच्या आर. कोनाला दिसाची नाय. तवरी तरी ऊब लागंल पोराला."

आणि माझ्या मांडीवर थोपटून म्हणाल्या, "आता बरा होतंय बग."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली असावी. मग मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर हात धुण्याचं चित्र होतं.

सांगावं तर काय होईल ते मला दिसत होतं. माझी पोर आयुष्यभर त्या घरात राहणार. आपल्या आईनं आपल्या सासूला चारचौघांत उघडं पाडलं, हे तिला रोज जेवणाबरोबर वाढलं जाईल. ज्या बाईच्या पाटल्यांवर पोर आत श्वास घेत होतं त्याच बाईची मी चुगली करणार. आणि डॉक्टरबाईंचं बोलणं मला अर्धंही कळलं नव्हतं, त्या चुकत असल्या तर? ऊब लागून पोर खरंच सावरलं तर?

न सांगावं तर ती पुरचुंडी तिथं तापलेली आहे, आणि काठावरच्या त्या पेशी जाग्या होऊन हवा मागताहेत.

लोक म्हणतात धीर धरून बोलली. माझ्यात धीर नव्हता. दोन भीती होत्या आणि एक दुसरीपेक्षा मोठी निघाली, एवढंच. मी उठले. मी कधी त्या दाराची घंटा वाजवली नव्हती, नेहमी दुसरं कुणी वाजवायचं. ती वाजवली. नर्स आली, म्हणाली, "आजी, अभी टाइम नाही."

मी नुसती पायाकडे बोट दाखवत राहिले, माझ्याच पायाकडे. ती म्हणाली, "पाय दुखतो?" मग कुठून तरी आवाज आला, माझाच, आणि नको तेवढा मोठा: "बाळाच्या पायाखाली गरम ओवा आहे!"

ती पळाली. मागं सगळे बघत होते. जावई उभा राहिला. विहीणबाई बसल्या जागी तशाच होत्या.

पुरचुंडी काढली तेव्हा पोटरीखाली लाल चट्टा उठला होता. गार अंगाला साधी ऊबही भाजते, कातडीला कळत नाही, असं नर्स म्हणाली. गादीचं पाणी मशीननं आणखी गार करून घेतलं होतं म्हणून बाळाचं अंग फारसं तापलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आणि जावयाला आत बोलावलं. मला वाटलं आता हाकलतील. त्या रागावल्या, पण बसायला खुर्ची देऊन रागावल्या. पेशींचं सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी विहीणबाईंच्या तोंडाकडे बघून. विहीणबाईंनी मान वर केली नाही. शेवटी एकच विचारलं, "मग ते गार हाय म्हनून निजलंय, का मरतंय म्हनून गार हाय?"

"गार आहे म्हणून निजलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही निजवलंय."

बाहेर आल्यावर विहीणबाई मला म्हणाल्या, "तू मना चोर केलंस, ईनबाय. तुज्या जावयासमोर नाय, माज्या पोरासमोर." आणि दूरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून. मी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघू शकत नव्हते.

संध्याकाळी जावयानं दोघींना बळेच चहाला नेलं. त्याच टपरीवर. टपरीवाल्यानं विहीणबाईंना बघून विचारलं, "काय मावशी, ओवा तापवायचा का परत?" मला वाटलं आता त्या किटली उचलून मारतात. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायल्या नाहीत. मग कपाकडेच बघत बोलायला लागल्या. माझ्याशी की स्वतःशी, ते कळलं नाही. आम्ही खेकडे म्हणतो त्यांना त्या चिंबोऱ्या म्हणतात.

"चिंबोऱ्या आनल्या ना खाडीवरनं, तर आमी काय करतो? ओल्या गोनपाटान ठेवतो, सावलीला. गार. गप परून ऱ्हातात, हलत पन नाय. गिऱ्हाईक बोलतं, मेल्या. मी बोलतं, मेल्या नाय, हात घाल न बग. दुसऱ्या दिवशीपन जित्या. न त्याच चिंबोऱ्या उनान ठेव. अशा धरपरतात, अशा धरपरतात, न बाजार उठाच्या आत खलास. धरपरूनच मरतात त्या."

जावई म्हणाला, "आई, तेच सांगत होत्या ना मघाशी डॉक्टर."

"मग असं सांगाचं ना मेल्यांनी. पेशी-पेशी काय लावलंय."

आणि बशी माझ्याकडे सरकवली. तुझा गार झाला, हा घे, असं काही म्हणाल्या नाहीत, नुसती सरकवली. मी प्यायले.

तिसऱ्या दिवसानंतर त्याला गरम करायला घेतलं. मला वाटलं होतं की भीती थंडीत आहे, ऊब आली की ती जाईल. उलटंच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, खरी काळजी आता. हळू, अगदी हळू तापवायचं, घाई झाली तर पेशी एकदम मागायला लागतील आणि झटके येतील. एक आकडा वर सरकला की नर्स लिहायची. आम्ही काचेबाहेरून तो आकडा बघायचो. मला अंक वाचता येतात, त्या दिवशी वाटलं येत नसते तर बरं. मध्येच त्याचा एक पाय सायकल मारल्यासारखा हलायला लागला. विहीणबाई आनंदानं म्हणाल्या, "हाललं!" आणि आतल्या नर्सनं धावत येऊन सुईतून औषध घातलं. तो झटकाच होता. त्यानंतर कितीतरी महिने पोरानं पाय झाडला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. इतर घरांत त्याला खेळणं म्हणतात.

नळी काढली तेव्हा तो रडला. मांजराचं पिल्लू पोत्यात अडकल्यासारखा आवाज. पोर व्हीलचेअरवरून आली होती, तिनं पहिल्यांदा त्याला ऐकलं ते तेव्हा.

घरी आणल्यावर बाळाला अंघोळ घालणारी बाई शेगडी आणि धुरीचं सामान घेऊन दारात उभी राहिली. मी काही बोलायच्या आत विहीणबाई आतून आल्या. "ती शेगरी बाहेर." बाई म्हणाली, "धुरीशिवाय बाळ भरायचं कसं?" "याच्या डोक्याला हवा लागते. धूर नाय. ऊब हवी तर दुपटं हाय." ती बाई सगळ्या चाळीत सांगत फिरली की बोनकोड्याच्या श्रीमंत विहिणीनं धुरी बंद केली, नवीन फॅड. मला हसू आलं आणि मग आलेल्या हसण्याचीही भीती वाटली.

मी तर त्यांच्याही पुढची. डोक्याला हवा लागते हे ऐकल्यापासून मी खिडक्या लावून घेईना. डासांची अगरबत्ती नाही, देवापुढची उदबत्ती गॅलरीत. फोडणीच्या वेळी पोरीला बाळ घेऊन खाली उतरवायची. मालक डास मारत म्हणायचे, "त्याला हवा, आम्हाला मलेरिया." दुपारी तो निजला की मी लाटणं हातात धरून त्याची छाती बघत बसायची, तव्यावर चपाती करपायची. मेसवाल्यानं दोनदा परत पाठवल्या.

मग प्रत्येक महिन्याला नवी भीती. मान धरेल का. धरली, उशिरा. नजर फिरते का. फिरली. डावी मूठ मात्र मिटलेलीच, अंगठा आत. डॉक्टरबाईंनी व्यायाम शिकवले, पोर आणि जावई करून घ्यायचे, मी बघायचं टाळायची कारण तो रडायचा. प्रत्येक वेळी त्या सांगायच्या, खाऊ घाला, नीट खाऊ घाला. पहिली काही वर्षं डोक्याची मागणी वाढतच जाते, तो जे जे नवं शिकतो त्याला आतून शक्ती लागते. तेव्हापासून त्यानं थुंकलेला प्रत्येक घास मला डोक्यातून गेल्यासारखा वाटायचा. विहीणबाई रोज ताजे बोंबील, मांदेली, काटे काढून, मऊ भाताबरोबर कालवून आणायच्या. आम्ही माळकरी नाही, पण माझ्या घरात एवढी मासळी कधी शिजली नव्हती. "खा रं मेल्या," त्या त्याला म्हणायच्या, "तुज्या आजीन तुला चिंबोरीवानी ठेवलाय."

एकदा मी कणीक मळत होते. तो शेजारी बसलेला, बसायला नुकताच लागला होता. त्यानं परातीत हात घातला आणि गोळा ओढला. मी त्याचा उजवा हात बाजूला केला. तर डावा आला. मूठ उघडली, अंगठा बाहेर, बोटं कणकेत रुतली. मी कुणाला हाक मारली नाही. बोललं तर परत मिटेल असं वाटलं. दोन-तीन दिवस मी एकटीच बघत राहिले, रोज परात त्याच्यापुढे ठेवून. मग पोरीला सांगितलं.

पैशाचं चालूच होतं. मालक सीवूड्सच्या एका सोसायटीत वॉचमन लागले, पाठीला पट्टा बांधून बसायचे. मी आणखी एक मेस धरली. महिन्याच्या सुरुवातीला पैसे रुमालात बांधून मी बोनकोड्याला जायची. विहीणबाई कधी मोजायच्या नाहीत. "ठेव तितं," म्हणायच्या, टीव्हीवर. व्याजाचं नाव काढलं की मासळीच्या भाषेत ओरडायच्या, ते इथं लिहिता येणार नाही.

यात माझ्या मनानं एक वेडेपणा केला. मला असं वाटायला लागलं की हप्ता चालू आहे तोवर पोर चालू आहे. एका महिन्यात पैसे दिले आणि तो उभा राहिला. दुसऱ्या महिन्यात दिले आणि 'दे' म्हणाला. पैसे फिटले म्हणजे हिशोब संपला, आणि हिशोब संपल्यावर पुढं काय, याची मला भीती वाटायची. काठावरच्या ज्या पेशी राहिल्या त्या आमच्या देण्यावर तगल्यात असं काहीतरी. हे मी मालकांनाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

म्हणून शेवटचा हप्ता हातात असून मी गेले नाही. एक महिना अंगदुखी सांगितली. पुढच्या महिन्यात पाहुणे सांगितले. मालक म्हणाले, "अगं, एकदाचं देऊन टाक, मला नीट झोप लागू दे." मी हो म्हटलं आणि रुमाल डब्यात ठेवला.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. त्यांनी त्याला चालायला लावलं, ठोकळे रचायला दिले, गोष्टीच्या पुस्तकातलं काय काय विचारलं. तो चालताना डावं पाऊल जरा आत वळतं, घाईत असला की बूट घासतो. बोलतो उशिरानं, पण बोलतो. त्या म्हणाल्या, आता वर्षातून एकदाच आणा. मी विचारलं, तोंडातून निघूनच गेलं, "त्या काठावरच्या?" त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या म्हणाल्या, "आजी, आता काठावर काही नाही. जे गेलं ते गेलं, जे राहिलं ते त्याचं झालं. तो आता रोज नवं जोडतोय."

परत येताना पोर आणि जावई पुढं होते, तो मध्ये, दोघांचे हात धरून उड्या मारत. डावा बूट प्रत्येक उडीला जमिनीला लागत होता. मला अजूनही भीती वाटत होती. पण ती आता साधी भीती होती, रस्त्यावर गाडी येईल, पडेल, लागेल, अशी, इतर आज्यांना वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल घेऊन गेले. विहीणबाई दारात मासळी साफ करत होत्या, हात खवल्यांनी भरलेले.

"कं होतीस दोन महिने? मना वाटलं पलाली."

"भीती वाटत होती," मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा असं काही सांगितलं.

त्यांनी वर बघितलं. कसली, ते विचारलं नाही. विळी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि पुढं केले. "ठेव तितं" म्हणाल्या नाहीत. रुमाल सोडून नोटा मोजल्या, थुंकी लावून, एकेक, सगळ्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

"बरोबर हाय," म्हणाल्या. "फिटले."